१६,१२४ बदलांतून एक: एक्सआयएपी जनुक आणि मिलवॉकीच्या मुलाचे प्रकरण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातील हे प्रकरण २०११ साली 'जेनेटिक्स इन मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एक्झोम सिक्वेन्सिंगवरून, म्हणजे डीएनएतील प्रथिने घडवणारा भाग वाचून, निदान झाले आणि त्यावरून थेट उपचाराचा निर्णय घेतला गेला, अशा सुरुवातीच्या उदाहरणांत ते मोजले जाते. त्याविषयी बोलताना बहुतेक वेळा यंत्राचे कौतुक होते. आमच्या मते यातला शिकण्यासारखा भाग यंत्राच्या नंतरचा आहे. यंत्राने हजारो बदलांची यादी दिली. त्यातला एक बदल आजाराचे कारण ठरला, कारण तो ज्या प्रथिनात होता त्या एक्सआयएपीची दोन वेगळी कामे आधीच माहीत होती आणि ती दोन्ही बिघडल्याचे मुलाच्या पेशींवर स्वतंत्रपणे दाखवता आले.

आजार

मुलगा १५ महिन्यांचा असताना त्याला गुदद्वाराजवळ गळवे आणि गुदाशयाचा दाह सुरू झाला. वजन वाढेना. पुढे दाह संपूर्ण मोठ्या आतड्यात पसरला आणि आतड्याच्या भिंतीचे सगळे थर त्यात सापडले. आतड्यातून थेट पोटाच्या कातडीवर उघडणाऱ्या वाटा तयार झाल्या व त्यांतून मळ बाहेर येऊ लागला. भगंदर आपल्याकडे नेहमी दिसतो, पण तो प्रौढांत. दोन वर्षांखालच्या मुलाला वारंवार भगंदर होत असेल आणि सोबत आतड्याचा दाह असेल, तर ती केवळ शल्यचिकित्सेची बाब राहत नाही.

चित्र क्रोन आजारासारखे होते. पण क्रोन साधारणपणे किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो, आणि स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांना थोडाफार तरी प्रतिसाद देतो. इथे तसे होत नव्हते. शंभराहून अधिक वेळा मुलाला शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. तोंडाने अन्न देणे जवळपास बंद होते, पोषण शिरेतून चालू होते.

इतक्या लहान वयात इतका तीव्र आजार दिसला की प्रतिकारशक्तीतला जन्मजात दोष शोधावा लागतो. संभाव्य आजार बरेच असतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीजमध्ये न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. इंटरल्युकिन-१० या दाह आवरणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहकातील (त्याचा निरोप घेणाऱ्या रेणूतील) दोष २००९ मध्ये याच प्रकारच्या लवकर सुरू होणाऱ्या आतड्याच्या आजाराचे कारण म्हणून पुढे आला. फॉक्सपी-३ जनुकातील दोष मुलग्यांत आतडे, त्वचा आणि अंतःस्रावी ग्रंथींवर हल्ला करतो. या मुलाच्या अनेक चाचण्या झाल्या, तरी निश्चित निदान होत नव्हते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार निदानाआधीच झाला होता. आजार प्रतिकारपेशींत असेल तर त्या पेशी बदलल्याने तो जाईल, हा तर्क सरळ आहे. पण निदानाशिवाय हा धोका पत्करायला डॉक्टर धजावले नाहीत, आणि ते योग्यच होते. प्रत्यारोपणात मृत्यूची शक्यता खरी असते. दोष आतड्याच्या अस्तरपेशींत असेल तर मज्जा बदलूनही आतडे तसेच राहील आणि मुलगा विनाकारण त्या धोक्यातून जाईल. त्यामुळे 'कोणते जनुक?' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता: दोष कोणत्या पेशींत आहे?

यादी मिळाल्यानंतर

२००९ मध्ये विस्कॉन्सिन वैद्यकीय महाविद्यालयातील गटाने मुलाचे एक्झोम वाचले. एक्झोम म्हणजे जनुकसंचातील प्रथिने घडवणारा भाग. तो संपूर्ण डीएनएच्या एक ते दीड टक्का असतो, पण माहीत असलेले बहुतेक एकजनुकी आजार तिथेच सापडतात. तेव्हा वापरलेले यंत्र ४५४ पद्धतीचे होते. त्यात वाचलेले डीएनएचे तुकडे लांब येत, परंतु एकच अक्षर सलग अनेकदा आले की त्याची मोजणी चुके. एका अक्षराची खोटी भर किंवा खोटी गळती ही त्या काळच्या यादीतली नेहमीची घाण होती.

यादीत १६,१२४ बदल निघाले. कोणत्याही निरोगी माणसाच्या एक्झोममध्येही याच पातळीवर बदल सापडतात, त्यामुळे हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. गाळणी लावताना गृहीतके आधी ठरवावी लागतात.

आई-वडील दोघेही निरोगी, आजार लहानपणी आणि तीव्र. म्हणजे बदल बहुधा अप्रभावी असावा: दोन्ही प्रतींत एकच बदल, एकाच जनुकाच्या दोन प्रतींत दोन वेगळे बदल, किंवा मुलगा असल्यामुळे एक्स गुणसूत्रावर एकच बदल. आईत किंवा वडिलांत नसलेला, मुलात नव्याने आलेला बदलही शक्य असतो, पण फक्त मुलाचे वाचन हातात असेल तर तो ओळखता येत नाही. आज म्हणूनच आई-वडील-मूल अशा तिघांचे वाचन एकदम करतात. त्यानंतर समाजात सर्रास आढळणारे बदल काढून टाकायचे. मग उरलेल्यांपैकी अमिनो आम्ल बदलणारे, आणि त्यातही उत्क्रांतीत न बदललेल्या जागेवरचे.

एक्स गुणसूत्रावरील बदल तपासताना एक साधी खूण उपयोगी पडते. मुलग्यात एक्सची एकच प्रत असते, म्हणून खरा बदल त्या जागेच्या जवळपास सर्व तुकड्यांत दिसला पाहिजे. अर्ध्याच तुकड्यांत दिसत असेल, तर जनुकसंचात इतरत्र असलेल्या सारख्याच पट्ट्याचे तुकडे चुकून इथे जुळवले गेले असण्याची शक्यता आधी तपासावी. एक्सआयएपीच्या बाबतीत ही भीती पुस्तकी नाही. या जनुकापासून फार पूर्वी निघालेली एक प्रत, बीआयआरसी-८, एकोणिसाव्या गुणसूत्रावर बसलेली आहे आणि एक्सआयएपीच्या शेवटच्या भागाशी तिचे साम्य फार आहे.

गाळणीतून जो बदल डोळ्यात भरला तो एक्सआयएपी जनुकातला होता. ६०८ व्या अक्षरावर जी च्या जागी ए आले होते, आणि त्यामुळे प्रथिनात २०३ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जागी टायरोसीन हे दुसरे अमिनो आम्ल बसले होते. सँगर पद्धतीने (डीएनएचा एक छोटा पट्टा अचूक वाचण्याच्या जुन्या पद्धतीने), परवानाप्राप्त प्रयोगशाळेत, त्याची खातरजमा झाली. आई या बदलाची वाहक होती.

हे प्रथिन नेमके काय करते

एक्सआयएपी हे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेवर क्यू-२५ या पट्ट्यात आहे. जुने नाव बीआयआरसी-४. प्रथिन ४९७ अमिनो आम्लांचे असते. त्यात बीआयआर नावाच्या तीन घड्या, मग युबिक्विटिन (इतर प्रथिनांवर खूण म्हणून जोडले जाणारे छोटे प्रथिन) ओळखणारा एक भाग आणि शेवटी रिंग नावाचा भाग असतो. प्रत्येक बीआयआर घडी जस्ताच्या एका अणूभोवती घट्ट बसते. तो अणू तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन धरून ठेवतात. दुसऱ्या घडीत हे चार हात म्हणजे २००, २०३ आणि २२७ क्रमांकांचे सिस्टीन व २२० क्रमांकाचे हिस्टिडीन.

मुलातला बदल नेमका २०३ वर आहे. टायरोसीनला जस्त धरण्यासाठी लागणारा गंधकाचा अणू नाही, शिवाय त्याचे वलय मोठे आहे. इथे 'नुकसानकारक असावा' असे संगणकीय भाकीत करण्याची फारशी गरजच पडत नाही. घडी कोलमडणार हे रचनेवरूनच दिसते. असा स्पष्ट पुरावा चुकीच्या अमिनो आम्लाच्या बदलांत क्वचितच मिळतो.

या प्रथिनाचे पहिले माहीत झालेले काम म्हणजे पेशींचा नियोजित मृत्यू रोखणे. तिसरी बीआयआर घडी कॅस्पेज-९ ला, म्हणजे पेशीचा मृत्यू घडवणाऱ्या विकरांपैकी एकाला, पकडते. दुसऱ्या घडीच्या अगदी आधीचा पट्टा कॅस्पेज-३ आणि ७ यांच्या सक्रिय खाचेत बसून त्यांना बंद करतो. मायटोकॉन्ड्रियातून स्मॅक हे प्रथिन बाहेर पडले की ते एक्सआयएपीला बाजूला सारते आणि मृत्यूची वाट मोकळी होते. कर्करोगाच्या संशोधकांना या जनुकात रस निर्माण झाला तो याच कामामुळे. अनेक ट्यूमरमध्ये ते जास्त बनते आणि पेशी मरत नाहीत, म्हणून स्मॅकसारखी औषधे तयार करण्याचे प्रयत्न झाले.

दुसरे काम संदेशवहनाचे आहे, आणि या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. जिवाणूंच्या भिंतीचा एक तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, पेशीच्या आत आला की एनओडी-२ हे प्रथिन त्याला ओळखते आणि आरआयपीके-२ ला जवळ करते. एक्सआयएपीची दुसरी बीआयआर घडी आरआयपीके-२ ला धरते, आणि रिंग भाग त्यावर युबिक्विटिनच्या साखळ्या चढवतो. या साखळ्यांमुळे लुबॅक नावाचा समूह तिथे येतो, सरळ रेषेतल्या युबिक्विटिनच्या साखळ्या बांधतो, आणि मग एनएफ-कॅपा-बी व एमएपी-कायनेज या मार्गांतून टीएनएफसारख्या दाहक प्रथिनांचे उत्पादन सुरू होते. एक्सआयएपी नसेल तर एनओडी-२ जिवाणू ओळखते, पण निरोप पुढे जात नाही.

एनओडी-२ मधील बदल आणि क्रोन आजार यांचा संबंध २००१ पासून माहीत होता. म्हणजे एक्सआयएपी क्रोनच्या जनुकांच्या यादीत नसले, तरी त्या यादीतल्या सर्वांत प्रसिद्ध जनुकाच्या एक पायरी पुढे उभे होते. जनुकांच्या ठरावीक यादीची तपासणी केली असती तर ते निसटले असते. प्रथिन कोणाशी बांधले जाते हे माहीत असणाऱ्यालाच ते दिसले.

उंदरांनी इथे दिशाभूल केली होती, हेही नोंदवले पाहिजे. २००१ मध्ये एक्सआयएपी काढून टाकलेले उंदीर जवळपास निरोगी दिसले. त्यावरून हे जनुक नसले तरी चालते असा समज होऊ शकत होता. २००६ मध्ये मात्र पॅरिसच्या गटाने तीन कुटुंबांत या जनुकाचे दोष दाखवले आणि एक्स-लिंक्ड लिम्फोप्रोलिफरेटिव्ह रोगाचा, म्हणजे एक्सएलपीचा, दुसरा प्रकार ठरला. पहिल्या प्रकाराचे जनुक एसएच-२-डी-१-ए त्याच पट्ट्यात आहे; त्याच्या प्रथिनाला एसएपी म्हणतात. दोन्ही आजारांत एपस्टाइन-बार विषाणूनंतर प्रतिकारपेशी बेफाम होऊन जीव जाऊ शकतो. पण नावे जवळची असली तरी आजार वेगळे वागतात. २०११ मध्ये ३० एक्सआयएपी रुग्णांची ३३ एसएपी रुग्णांशी तुलना झाली. पहिल्या प्रकारात सुमारे तीस टक्के रुग्णांना लिम्फोमा झाला होता, एक्सआयएपीच्या एकालाही नाही. उलट आतड्याचा दाह एक्सआयएपी प्रकारात ठळक होता.

दोन चाचण्या, दोन कामांसाठी

अमिनो आम्ल बदललेला, कुठेच न आढळलेला बदल सापडला म्हणून निदान होत नाही. तेव्हाही होत नव्हते, आज जनुकीय बदलांच्या वर्गीकरणाचे २०१५ चे अमेरिकन निकष लावूनही होत नाही. समाजात न आढळणे, महत्त्वाच्या घडीत असणे आणि संगणकीय भाकीत, एवढ्यावर तो 'अनिश्चित अर्थाचा' किंवा फार तर 'बहुधा रोगकारक' ठरेल. बदल आईकडून आलेला असल्यामुळे 'नव्याने उद्भवला' हा जोरदार पुरावाही इथे मिळत नाही. कार्य तपासावेच लागते.

मिलवॉकीच्या गटाने दोन्ही कामे तपासली. लसीका पेशींना उत्तेजित केल्यावर त्या नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात मेल्या, म्हणजे मृत्यू रोखण्याचे काम बिघडले होते. या निकालाची दिशाही महत्त्वाची. एसएपीच्या दोषात उत्तेजित टी पेशी मरायला हव्यात तेव्हा मरत नाहीत. एक्सआयएपीच्या दोषात नको तेवढ्या मरतात. दुसऱ्या चाचणीत एनओडी-२ ला चेतवणारे घटक दिल्यावर पेशींचा प्रतिसाद क्षीण आला, म्हणजे संदेशवहनही बिघडले होते. एकाच बदलाने दोन वेगळ्या वाटा बिघडल्याचे स्वतंत्रपणे दिसले, तेव्हाच निदान पक्के म्हणता आले.

आज हे काम रक्ताच्या एका नमुन्यावर होते. पण नमुन्याची हेळसांड झाली तर निकाल खोटा येतो, म्हणून त्याच्या तपशिलात जायला हवे.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींना चमकत्या अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजण्याच्या चाचणीसाठी) सोडियम हेपॅरिनच्या नळीत ३ ते ५ मिली रक्त घ्यावे. ते खोलीच्या तापमानात पाठवायचे, बर्फात नाही. पेशी जिवंत आणि कामाच्या असायला हव्यात. शक्यतो २४ तासांत पोहोचावे. डीएनएसाठी ईडीटीएच्या नळीत २ ते ३ मिली वेगळे घ्यावे. रक्त चढवण्याआधी नमुना घेणे उत्तम. सोबत त्याच वेळी घेतलेला आणि त्याच पेटीतून गेलेला एका निरोगी माणसाचा नमुना जरूर पाठवावा. पुण्या-नाशिकहून मुंबईला जाताना उन्हाळ्यात पेटी तापली असेल, तर दोन्ही नमुने सारखेच बिघडतील आणि प्रयोगशाळेला ते ओळखता येईल. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचे काम करते. नमुना पाठवण्याआधी तिथे बोलून वेळ ठरवावी.

पहिली पायरी पेशींच्या आत एक्सआयएपी प्रथिन आहे का हे पाहण्याची. जनुकात मोठी तूट किंवा मधेच थांबवणारा बदल असेल तर प्रथिन दिसत नाही आणि उत्तर लगेच मिळते. या मुलासारख्या बदलात गल्लत होऊ शकते. अमिनो आम्लाचा एकच बदल असताना प्रथिन बनू शकते, अँटिबॉडी त्याला चिकटू शकते आणि अहवालात 'प्रथिन सामान्य' असे येऊ शकते. तेवढ्यावर शोध थांबवला तर निदान हातचे जाते.

म्हणून दुसरी पायरी कार्याची. रक्तातील पेशींना काही तास म्युरामिल डायपेप्टाइडचे सुधारित रूप देतात, प्रथिने पेशीबाहेर जाऊ नयेत म्हणून ब्रेफेल्डिन घालतात, आणि सीडी-१४ मोनोसाइट पेशींत टीएनएफ किती तयार झाले ते मोजतात. दुसऱ्या नळीत लायपोपॉलिसॅकराइड हा जिवाणूंच्या आवरणातला दुसरा घटक देतात. ते वेगळ्या ग्राहकावर काम करते, त्यामुळे तिथे टीएनएफ व्यवस्थित यायलाच हवे. दोन्हीकडे उत्तर नाही आले तर पेशी मेलेल्या आहेत किंवा नमुना खराब आहे. चाचणी पुन्हा करावी. लायपोपॉलिसॅकराइडला उत्तर आहे आणि डायपेप्टाइडला नाही, तर बिघाड एनओडी-२ ते एनएफ-कॅपा-बी या वाटेवर कुठेतरी आहे. तो एक्सआयएपीत असेल किंवा एनओडी-२ च्या दोन्ही प्रतींत असेल. ते सिक्वेन्सिंगने सुटते. स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असतील तर दोन्ही उत्तरे दबलेली येऊ शकतात. अशा वेळी निरोगी नमुन्याशी तुलना करताना औषधांची यादी समोर ठेवावी.

सिक्वेन्सिंगच्या अहवालातही एक फट राहते. मुलग्यात एखादा पूर्ण एक्झॉन (जनुकातला प्रथिन घडवणारा एक तुकडा) गायब असेल तर तिथे एकही तुकडा येत नाही, आणि नुसती बदलांची यादी पाहणाऱ्याला ती जागा रिकामी आहे हेच कळत नाही. एक्सआयएपीचा संशय असेल तर प्रत्येक एक्झॉनवर वाचनाचे किती तुकडे आले ते प्रयोगशाळेला स्पष्ट विचारावे.

प्रत्यारोपणाचा निर्णय

निदानाने डॉक्टरांच्या हातात एक ठोस कारण आले. एक्सआयएपीच्या दोषात एचएलएच, म्हणजे हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस (प्रतिकारपेशी बेफाम होऊन शरीरातल्याच रक्तपेशी गिळू लागण्याचा आजार), होण्याची शक्यता मोठी असते. वर सांगितलेल्या ३० रुग्णांच्या मालिकेत चारपैकी जवळपास तिघांना तो झाला होता. तो अचानक येतो आणि जीव घेतो. २००४ च्या निकषांनुसार आठपैकी पाच गोष्टी दिसल्या की एचएलएच मानतात: ताप, वाढलेली प्लीहा, रक्तातील किमान दोन प्रकारच्या पेशी घटणे (हिमोग्लोबिन ९ ग्रॅमखाली, प्लेटलेट एक लाखाखाली, न्यूट्रोफिल हजाराखाली), ट्रायग्लिसराइड २६५ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा फायब्रिनोजेन १५० मिलिग्रॅम किंवा त्याखाली, फेरिटिन ५०० किंवा अधिक, मज्जेत पेशी गिळणाऱ्या पेशी, एनके पेशींची घटलेली क्रिया, आणि विरघळणारा आयएल-२ ग्राहक २,४०० किंवा अधिक. आतड्याच्या आजारामुळे आधीच अशक्त असलेल्या मुलात ताप आणि कमी हिमोग्लोबिन नेहमीचेच असते, म्हणून फेरिटिन आणि प्लेटलेट यांचा कल आठवड्या-आठवड्याने पाहणे जास्त उपयोगी.

मिलवॉकीत प्रत्यारोपण ठरले ते एचएलएच टाळण्यासाठी. आतडे बरे होईल याची हमी कुणी दिलेली नव्हती आणि देता येतही नव्हती. हा फरक कुटुंबाला समजावताना ठेवावाच लागतो, कारण 'आतड्यासाठी' म्हणून केलेल्या प्रत्यारोपणात आतडे बरे झाले नाही तर सगळाच विश्वास जातो. २०१० मध्ये दुसऱ्याच्या नाळेच्या रक्तातील मूलपेशी मुलाला देण्यात आल्या. शोधनिबंध लिहिला तेव्हा प्रत्यारोपणाला ४२ दिवसांहून अधिक काळ लोटला होता. मुलगा तोंडाने खात-पीत होता आणि आतड्याचा आजार परतलेला नव्हता.

यावरून दोष मज्जेतून आलेल्या पेशींतच होता असे त्या मुलापुरते म्हणता येते. पण हा प्रश्न तिथेच संपला असे मानू नये. नंतरच्या उंदरांवरील कामात दिसले की एक्सआयएपी नसेल तर टीएनएफच्या प्रभावाखाली लहान आतड्यातील पॅनेथ पेशी, म्हणजे जंतुनाशक प्रथिने सोडणाऱ्या अस्तरपेशी, मरू लागतात. दाहक पेशींतही आरआयपीके-३ मार्फत होणारा मृत्यू आणि आयएल-१-बीटाचे स्रवण वाढते. निरोप कमी जात असूनही दाह जास्त का, या कोड्याचे उत्तर बहुधा इथे आहे: एका वाटेने जिवाणूंची दखल कमी घेतली जाते, आणि दुसऱ्या वाटेने पेशी मरताना आग पसरवतात.

प्रत्यारोपणाआधीच्या औषधांबद्दल मात्र आज स्पष्ट भूमिका घेता येते. २०१३ मध्ये अनेक देशांतील १९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. मज्जा पूर्ण नष्ट करणारी औषधे, मुख्यतः बुसल्फान, ज्या ७ मुलांना दिली त्यांपैकी एकच जगला. यकृताच्या बारीक शिरा बंद पडणे आणि फुफ्फुसांतला रक्तदाब वाढणे ही मृत्यूची ठळक कारणे होती. कमी तीव्रतेची तयारी, म्हणजे बहुतेकांत अलेमटुझुमॅब, फ्लुडाराबिन आणि मेल्फालन, मिळालेल्या ११ पैकी ६ जगले. एचएलएच शांत असताना प्रत्यारोपण झालेल्यांचे निकाल चांगले होते. आकडे लहान आहेत, पण जैविक कारण त्यांच्याशी जुळते. पेशींना मृत्यूपासून वाचवणारे प्रथिनच ज्यांच्यात नाही, त्यांचे यकृत आणि फुफ्फुस विषारी औषधे कमी सहन करणार. मज्जा बदलली तरी या अवयवांतला दोष तसाच राहतो. म्हणून एक्सआयएपीचे निदान प्रत्यारोपणाच्या *आधी* हवे. ते नसताना नेहमीची बुसल्फानची योजना वापरली, तर औषधच घातक ठरू शकते.

प्रत्यारोपणानंतर दात्याच्या किती पेशी टिकल्या हे पाहत राहावे लागते. कमी तीव्रतेच्या तयारीनंतर दोघांच्या पेशी मिसळलेल्या राहणे नेहमीचे आहे. दोष प्रथिन न बनण्याचा असेल तर फ्लो सायटोमेट्रीत दात्याच्या पेशी प्रथिनावरून वेगळ्या दिसतात. या मुलासारख्या बदलात त्यावर विसंबता येत नाही, तिथे डीएनए मार्करच वापरावेत. आणि प्रत्यारोपणानंतर रक्तातून काढलेला डीएनए दात्याचा असतो, गालाच्या आतील फायातही दात्याच्या पांढऱ्या पेशी येतात. म्हणून मुलाचा स्वतःचा डीएनए आधीच काढून साठवून ठेवावा. राहिला असेल तर त्वचेच्या पेशी वाढवून मिळवावा लागतो.

आपल्याकडे असे मूल आले तर

महाराष्ट्रात वाट बहुधा क्षयरोगावरून जाते. आतड्यात व्रण, पोटात गाठी, वजन घटलेले मूल पाहून क्षयाचे औषध सुरू होणे समजण्यासारखे आहे, कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन यांत ऊतीचे तुकडे पाहूनही गोंधळ होतो. पण मूल दोन वर्षांखालचे असेल, गुदद्वाराभोवती वारंवार गळू किंवा भगंदर असेल आणि क्षयाच्या औषधांनी दोन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर त्याच वेळी प्रतिकारशक्तीची तपासणी सुरू करावी, औषधांचा पूर्ण कोर्स संपण्याची वाट पाहू नये. मुलगा असेल तर आईच्या माहेरची विचारपूस नेमकी करावी: तिचे भाऊ, मामा, मावसभाऊ यांच्यापैकी कुणी लहानपणी 'काविळीने', 'तापाने' किंवा 'रक्त कमी होऊन' गेले का. घरच्यांना एचएलएच हा शब्द माहीत नसतो, पण कावीळ, वाढलेले पोट आणि न उतरणारा ताप त्यांना नक्की आठवतो. एपस्टाइन-बार विषाणूची पीसीआर चाचणी आणि फेरिटिन पहिल्याच भेटीत करून ठेवावे.

दाता शोधताना बहिणीचा विचार पहिल्यांदा होतो. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवायच्या पेशींवरील खुणा) जुळले तरी आधी तिचा त्या एका बदलासाठी डीएनए तपासावा. पुढच्या गर्भधारणेत ११ ते १३ आठवड्यांत कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंगने तपासणी शक्य आहे. प्रसवपूर्व निदानतंत्रांविषयीचा १९९४ चा कायदा लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करू देतो; मात्र त्यासाठी कुटुंबातला बदल आधी निश्चित झालेला हवा आणि कागदपत्रे पूर्ण हवीत.

वाहक स्त्रियांची तपासणी फक्त फ्लो सायटोमेट्रीवर सोडू नये. त्यांच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असते, त्यामुळे प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन गटांत पेशी दिसायला हव्यात. पण बऱ्याच वाहकांच्या रक्तात सामान्य एक्स चालू असलेल्या पेशींचेच वर्चस्व होते आणि अहवाल निर्दोष येतो. मुलाच्या मावशीचा असा अहवाल पाहून तिला 'वाहक नाही' असे सांगू नये. त्याच एका अक्षराचे सँगर वाचन करून मगच सांगावे.